पत्र्याच्या बादलीवरची फुलं

घरात जुनी पत्र्याची बादली असेल तर ती उन्हात न्या आणि जरा तिरकी धरा. करड्या पत्र्यावर नेच्याच्या पानांसारखी फुलं उमटलेली दिसतील. काही चकाकतात, त्यांना लागून असलेली काळपट दिसतात. बादली थोडी फिरवली की चकाकणारी विझतात आणि काळपट होती ती उजळतात. वेंगुर्ल्याला आमच्या विहिरीवर अशी एक बादली होती. पाणी शेंदायच्या आधी मी ती फिरवत राहायचे आणि आजी ओरडायची, "चेडवा, पाणी काढ आधी. काय बघतंस त्या पत्र्यात?"

त्या पत्र्यात जे होतं तेच मी आजही बघते, फक्त फुलाच्या आत शिरून, एकेका अणूपर्यंत. धातूंवर संशोधन करते म्हटलं की गावात लोकांना खाण आठवते, भट्टी आठवते, नाहीतर सोन्याचा कस. "अणूंच्या पातळीवर" हे शब्द आले की समोरचा मान डोलावतो आणि विषय बदलतो. मला याचं वाईट वाटतं, कारण कोकणातल्या माणसाने हा विषय हाताने अनुभवलेला असतो. तांबट, लोहार, कल्हईवाला, होडीला झिंकची, म्हणजे जस्ताची, वडी ठोकणारा, सगळे अणूंशीच व्यवहार करत असतात. आत काय चाललंय तेवढं सांगायचं राहिलेलं असतं.

कुणगे, मेर आणि आंब्याची पेटी

बादलीच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. लोखंडी पत्रा साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. जस्त थिजायला लागतं ते एकाच वेळी अनेक ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी अणू ओळीने बसत जातात, पण ओळींची दिशा जागोजागी वेगळी. वाढत वाढत हे तुकडे एकमेकांना भिडतात आणि तिथे हद्द पडते. भाताचे कुणगे, म्हणजे शेताचे छोटे तुकडे, आठवा. दोरी धरून लावणी केली तर एका कुणग्यातल्या ओळी समुद्राकडे जातात, शेजारच्या कुणग्यातल्या तिरक्या डोंगराकडे, आणि मधे मेर, म्हणजे बांध. पत्र्यावरचं एक फूल म्हणजे असा एक कुणगा. आम्ही त्याला दाणा म्हणतो आणि मेरेला दाणासीमा. ओळींची दिशा वेगळी म्हणून प्रत्येक दाणा उजेड वेगळ्या बाजूला परतवतो आणि बादली फिरवली की फुलं उजळतात, विझतात.

जस्ताचे हे दाणे नुसत्या डोळ्यांना दिसतात, म्हणून बादलीपासून सुरुवात केली. रोजच्या पोलादात ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतात. ओतीव पितळ मात्र कधीकधी स्वतःहून दाखवतं. एखाद्या जुन्या इमारतीच्या दाराची पितळी मूठ बघा, जिच्यावरून वर्षानुवर्षं हात फिरले आहेत. हाताच्या घामाने पितळ अगदी हळू खाल्लं जातं, एक दाणा कमी, शेजारचा जास्त, आणि मुठीवर नकाशासारखे तुकडे उमटतात. आम्ही प्रयोगशाळेत नमुना घासून, चकचकीत करून, सौम्य आम्लात बुडवून हेच करतो.

आता एका दाण्याच्या आत जाऊ. देवगडला हापूसची पेटी भरताना पाहिली असेल. खालचा थर लागला की वरच्या थरातला आंबा खालच्या आंब्यांमधल्या खोलगटात बसवतात. तांबं, चांदी, सोनं, ॲल्युमिनियम यांचे अणू असेच, शक्य तितके दाटीने बसलेले असतात. लोखंडाचे अणू साध्या तापमानाला जरा सैल बसतात आणि ९१२ अंशांना पोचलं की उठून दाट मांडणीत बसतात. हे लक्षात ठेवा, कोयतीच्या वेळी लागेल. तांब्याचा एक अणू ०.२५६ नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ओळीने बसवले तर ३९ लाख मावतात.

कुठलीही पेटी निर्दोष भरलेली नसते. एखादी जागा रिकामी राहते. हापूसमध्ये एखादी पायरी येते आणि तिच्या आकारामुळे आजूबाजूचे आंबे सरकतात. एखादा थर मधेच संपतो. धातूत हे सगळं घडतं आणि माझ्या विषयाचा गाभा इथेच आहे. धातू वाकेल की तुटेल, ताठ राहील की ढिला पडेल, कुठून गंजेल, हे जवळजवळ सगळं मांडणीतल्या चुकांवर ठरतं. नीट बसलेल्या अणूंबद्दल सांगण्यासारखं एका धड्यात संपतं. चुकांचं मात्र अजून संपलेलं नाही.

सतरंजीची सुरकुती

१९२६ साली याकोव फ्रेंकेल या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञाने एक साधा हिशोब केला. धातू वाकतो तेव्हा अणूंचा एक थर दुसऱ्यावरून घसरतो. थरातले सगळे अणू एकदम घसरायचे तर किती जोर लागेल? उत्तर आलं ते प्रत्यक्षात लागणाऱ्या जोराच्या हजारो पट. त्या हिशोबाने तांब्याची तार बोटांनी वाकायलाच नको. पण ती वाकते, लहान मुलाच्या हातातही वाकते.

कोड्याचं उत्तर देवळातल्या सतरंजीत आहे. भजनाला सभामंडपात मोठी सतरंजी अंथरली आणि लक्षात आलं की भिंतीपासून चार बोटं अलीकडे राहिली. अख्खी ओढायला गेलात तर चार माणसं लागतील. जाणता माणूस एका कडेला सुरकुती पाडतो आणि पायाने ती पुढे ढकलत पलीकडच्या कडेला नेतो. सुरकुती बाहेर पडते आणि सतरंजी तेवढी सरकलेली असते. प्रत्येक क्षणी हलत होती ती फक्त सुरकुतीपुरती सतरंजी, बाकीची जागच्या जागी.

धातूत अणूंचा एखादा थर मधेच संपतो तिथे अशीच सुरकुती असते. तिला डिसलोकेशन म्हणतात. जोर लावला की ही रेषा अणूंच्या एका ओळीवरून पुढच्या ओळीवर सरकत जाते आणि दाण्याचा एक भाग दुसऱ्यावरून एका अणूइतका घसरतो. अशा असंख्य सुरकुत्या धावल्या की तार वाकते. १९३४ साली जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलानी या तिघांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, ही कल्पना मांडली. कुणीही ती रेषा पाहिलेली नव्हती. ती असलीच पाहिजे, नाहीतर धातू वाकणार नाही, एवढ्या तर्कावर ते उभे होते. पुढे १९५२ साली अमेरिकेत कथलाच्या केसासारख्या बारीक काड्या तपासल्या गेल्या. त्यांच्यात सुरकुत्या जवळजवळ नसतातच, आणि त्यांची ताकद खरोखरच फ्रेंकेलच्या हिशोबाच्या जवळ गेली.

या सुरकुत्या किती असतात? भट्टीत तापवून नरम केलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे सापशिडीच्या फाशाएवढ्या तुकड्यात, त्यांची एकूण लांबी दहा किलोमीटरपासून हजार किलोमीटरपर्यंत असू शकते. रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा अख्खा मार्ग साधारण ७४० किलोमीटरचा आहे, तो त्या फाशात गुंडाळून बसेल. तोच तुकडा ठोकून ठोकून कडक केला तर लांबी दहा लाख किलोमीटरच्या घरात जाते. चंद्रापर्यंत जाऊन परत यायला तेवढी पुरेल.

तांबट आणि लोहार

पुण्याच्या तांबट आळीतली घराणी पेशवाईत कोकणातून तिकडे गेली असं सांगतात. त्यांचं मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी भांडं घडवणं, बघण्यासारखं असतं. तांब्याच्या पत्र्यावर ठोका पडला की आत सुरकुत्या धावतात आणि नव्या जन्मतात. थोड्या असतात तोवर मोकळ्या फिरतात. पुढे त्या एकमेकींना आडव्या येतात, गुंततात, अरुंद घाटीत समोरासमोर आलेल्या एसट्यांसारख्या अडून राहतात. सुरकुती सरकली नाही तर धातू वाकत नाही, म्हणजेच तांबं कडक झालं. आणखी ठोकत राहिलं तर चीर जाईल. तांबटाला हे ठोक्याच्या आवाजावरून आणि हाताला बसणाऱ्या झटक्यावरून कळतं. तो भांडं भट्टीत लाल करतो. उष्णतेने अणूंना हालचाल करायला बळ मिळतं, गुंतलेल्या भागातून नवे, स्वच्छ दाणे उगवतात आणि तांबं पुन्हा नरम होतं. शेवटचे मठाराचे ठोके दिल्यावर मात्र तो तापवत नाही. ते ठोके दिसायला सुंदर आहेतच, पण त्यांनी अडवून ठेवलेल्या सुरकुत्यांमुळे पातळ पत्र्याचा हंडा भरल्यावरही चेपत नाही.

(शिशाला हा भट्टीचा खटाटोप लागत नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं. निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून, मोजलं तर आपल्या घरातलं तापमानच त्याच्या वितळण्याच्या निम्म्या वाटेवर आहे. ठोकलेलं शिसं ठेवल्या ठेवल्या आपोआप नरम होतं. १६६४ साली बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं असं आपल्याकडे परंपरेने सांगतात. सहज वितळणारा आणि खाऱ्या पाण्याला बऱ्यापैकी दाद न देणारा धातू त्या कामाला निवडणं मला फार समजुतीचं वाटतं.)

लोखंडाची गोष्ट वेगळी, कारण त्यात कार्बन शिरतो. आमच्या गावी कोयती लोहाराकडून पाणी पाजून, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करून, आणत. मी लहानपणी तिथे बसून असायचे. तो म्हणायचा, "पाणी जास्त झाला तर मोडतली, कमी झाला तर वाकतली." पोलादाच्या अभ्यासातला सगळ्यात जुना पेच या एका वाक्यात आहे, आणि तो आजही सुटलेला नाही: कडक करायला गेलं की ठिसूळ होतं, चिवट करायला गेलं की नरम पडतं.

पोलाद लालबुंद तापलं की लोखंडाचे अणू दाट मांडणीत जातात. गंमत अशी की मांडणी दाट असली तरी तिच्यातल्या पोकळ्या मोठ्या असतात. आंबे घट्ट बसले तरी मधल्या फटीत सुपारी मावते तसं. या मांडणीत दोन टक्क्यांपर्यंत कार्बन मावतो, लोखंडाच्या सैल मांडणीत फार तर ०.०२ टक्के. सावकाश थंड केलं तर कार्बन बाहेर पडून वेगळा बसतो. लोहार कोयती पाण्यात बुडवतो तेव्हा त्याला तेवढा वेळ मिळत नाही. लोखंडाचे अणू जुन्या मांडणीकडे उडी मारतात आणि कार्बन अडकतो. मांडणी एका दिशेने ताणली जाते, सुरकुत्यांना सरकायला वाट राहत नाही. पातं काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच मोडतं. म्हणून लोहार ते पुन्हा हलकं तापवतो आणि पात्यावर चढणारा रंग बघत राहतो, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. हा रंग पात्यावर धरणाऱ्या ऑक्साईडच्या पापुद्र्याच्या जाडीचा असतो आणि साधारण २०० ते ३०० अंशांचं तापमान सांगतो. तेवढ्या ऊबेने थोडा कार्बन सुटतो आणि बारीक कण होऊन बसतो. योग्य रंग आला की लोहार थांबतो. त्याच्याकडे थर्मामीटर नव्हता, पण त्याचा डोळा चुकलेला मी पाहिला नाही.

अणू दिसतात कसे

उजेडाच्या लाटेची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, अणू पाव नॅनोमीटरचा. समुद्राच्या लाटेवरून तळाच्या वाळूच्या कणाचा आकार ओळखण्यासारखं हे झालं, म्हणून साधा सूक्ष्मदर्शक कितीही चांगला असला तरी इथे हरतो. १९३१ साली बर्लिनमध्ये मॅक्स नॉल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी उजेडाऐवजी इलेक्ट्रॉन वापरून सूक्ष्मदर्शक बांधला. दोन लाख व्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची लाट ०.००२५ नॅनोमीटर, अणूच्या शंभराव्या भागाएवढी. रुस्कांना नोबेल मिळालं ते १९८६ साली. १९५६ साली केम्ब्रिजमध्ये पीटर हर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यात सुरकुत्या सरकताना प्रत्यक्ष पाहिल्या. टेलर, ओरोवान आणि पोलानी यांच्या तर्कानंतर बावीस वर्षं गेली होती.

त्याच्या आदल्याच वर्षी, ११ ऑक्टोबर १९५५ रोजी, अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात एक भारतीय विद्यार्थी अंधाऱ्या खोलीत एका पडद्यासमोर बसला होता. त्यांचं नाव कन्वर बहादूर आणि त्यांचे मार्गदर्शक एर्विन म्युलर. समोर टंगस्टनची अतिशय अणकुचीदार सुई होती, अतिथंड केलेली, तिच्यावर हजारो व्होल्टचा दाब. सुईच्या टोकावरच्या अणूंजवळ वायूचे कण भारित होऊन पडद्यावर आदळत होते आणि पडद्यावर ठिपके उमटत होते. प्रत्येक ठिपका टंगस्टनचा एक अणू. माणसाने अणू असा एकेक करून पहिल्यांदा पाहिला तो या दोघांनी. हे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

त्या सुईचीच पुढची पायरी म्हणजे ॲटम प्रोब. यात टोकावरचे अणू विजेच्या किंवा लेझरच्या झटक्याने एकेक करून उपटतात. पडद्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला यावरून अणू कुठल्या मूलद्रव्याचा ते कळतं, कुठे आदळला यावरून तो कुठे बसला होता ते. लाखो अणूंची अशी मोजदाद करून संगणकावर सुईचं टोक पुन्हा रचतात. असं उपकरण आता आयआयटी मद्रासच्या राष्ट्रीय केंद्रातही आहे.

ऐकायला हे भव्य वाटतं, पण संशोधकाचे दिवस जातात ते नमुना तयार करण्यात. इलेक्ट्रॉन आरपार जायला धातू साधारण शंभर नॅनोमीटरहून पातळ लागतो. त्यासाठी आधी तीन मिलिमीटरची गोल चकती कापायची, कपाळावरच्या टिकलीएवढी. ती घासून घासून कागदासारखी करायची. मग दोन्ही बाजूंनी थंड आम्लाची बारीक धार सोडून विजेच्या साहाय्याने मधोमध झिजवायची. मधे सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की त्या क्षणी थांबायचं. भोकाच्या कडेला जो अतिपातळ काठ राहतो, तोच आपला नमुना. एक-दोन सेकंद उशीर झाला तर काठ खाल्ला जातो आणि आठवड्याचं काम जातं. माझ्या पहिल्या वर्षातल्या बहुतेक चकत्या अशाच गेल्या. एकदा सगळं जुळून आलं तर पावसाळ्यात खोलीतला दमटपणा काढणारं यंत्र बंद पडलं आणि तांब्याच्या नमुन्यांवर रातोरात ऑक्साईड धरला. मी त्या दिवशी रडले. पण हाताला वळण लागलं ते त्याच वर्षी.

नमुना यंत्रात गेल्यावरचं काम संयमाचं असतं. एका वेळी जो भाग दिसतो तो इतका लहान की कोकणचा अभ्यास करायला एका घराचं अंगण बघावं तसं. मोह होतो तो सुंदर चित्राचा. एखाद्या ठिकाणी अणूंच्या ओळी रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या रेखीव दिसतात आणि वाटतं, झालं काम. पण तेच अंगण सगळ्या गावासारखं आहे का, हे दहा ठिकाणी, वेगवेगळ्या चकत्यांत बघितल्याशिवाय बोलायचं नसतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी सगळ्यात जास्त वेळा सांगते ते हेच.

कारकीर्द म्हणजे काय

वाट साधारण अशी. बारावीनंतर धातुशास्त्राची पदवी. पुण्याचं सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ (पूर्वीचं अभियांत्रिकी महाविद्यालय), नागपूरचं व्हीएनआयटी, आयआयटी मुंबई इथे ती मिळते. किंवा मग माझ्यासारखं भौतिकशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी. पुढे गेट किंवा नेट परीक्षा आणि पीएचडी. तिला बहुधा पाच वर्षं लागतात, कधी सहा. त्या काळात शिष्यवृत्ती मिळते. २०२३ पासून केंद्राची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे. म्हणजे घरून पैसे मागावे लागत नाहीत, आणि गावाकडच्या पालकांना हे कुणीतरी सांगायला हवं. पीएचडीनंतर दोन-चार वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक, बऱ्याचदा परदेशात. मग नोकरी: विद्यापीठात, नाहीतर जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा, तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र, अंबरनाथची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा अशा ठिकाणी.

प्राध्यापक झाल्यावर स्वतः यंत्रावर बसणं कमी होतं. अनुदानाचे अर्ज, विद्यार्थी, वर्ग, दुसऱ्यांचे शोधनिबंध तपासणं. कोट्यवधींची यंत्रं वाटून वापरावी लागतात आणि त्यांची पाळी महिन्यातून दोन-तीन वेळा येते. सलग दोन वर्षं काहीच हाती लागलं नाही असंही होतं आणि त्यात वेगळं काही नसतं. माणूस एका प्रश्नाला किती काळ चिकटून राहू शकतो हे श्रीनिवास रंगनाथन यांच्याकडे बघून कळतं. दोन दाण्यांच्या ओळी कुठल्या कोनात भेटल्या तर मेरेवरचे काही अणू दोन्हीकडच्या मांडणीत नेमके बसतात, याची भूमिती त्यांनी १९६६ साली मांडली. पुढे बनारस आणि बेंगळुरूला शिकवताना विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दिल्लीचा सोळाशे वर्षांचा लोहस्तंभ का गंजत नाही याच्या मागे लागून दाखवून दिलं की त्या लोखंडातल्या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर राखणारा पापुद्रा धरला आहे. तो स्तंभ दिल्लीच्या कोरड्या हवेत उभा आहे, हाही त्यातला एक भाग.

आणि समुद्र

माझा स्वतःचा प्रश्न मला आमच्या खिडक्यांच्या गजांनी दिला. वेंगुर्ल्यात गज रंगवले तरी दोन-तीन पावसाळ्यांत फुगतात, पापुद्रे सुटतात. घरोघरी स्लॅबच्या सळ्या फुगून सिमेंटचे पोपडे पडतात, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा मागतो. आपण म्हणतो खारी हवा. हवेतल्या मिठाचं नेमकं काय होतं?

साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी शोषून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे कोकणात किनाऱ्यालगतच्या गजावर बसलेलं मीठ भर उन्हाळ्यातही पूर्ण सुकत नाही. गज सतत एका अदृश्य, खाऱ्या पाण्याच्या पापुद्र्याखाली असतो. म्हणून एक उलटं वाटणारं सत्य: पाऊस थेट पडतो त्या बाजूचं मीठ धुऊन जातं, आणि वळचणीखालची, पावसापासून राखलेली बाजू लवकर खाल्ली जाते. गेटची, पत्र्याची खालची बाजू गोड्या पाण्याने अधूनमधून धुवा. रंगाच्या दुसऱ्या हाताइतकाच त्याचा उपयोग होतो.

बंगल्याच्या स्टेनलेस कठड्यांचं असंच. या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्या ऑक्साईडचा एक ते तीन नॅनोमीटरचा पापुद्रा, म्हणजे जेमतेम काही अणूंची जाडी, अख्ख्या कठड्याला राखतो. मिठातला क्लोराईड त्या पापुद्र्यातली कच्ची जागा शोधतो आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून आत शिरतो. वेल्डिंगच्या सांध्याजवळ तांबूस डाग दिसतात त्याचं एक कारण मेरेवर असतं. ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान पोलाद रेंगाळलं तर कार्बन दाण्यांच्या सीमेवर जाऊन क्रोमियमला धरून बसतो. मेरेलगतची पट्टी क्रोमियमविना उघडी पडते आणि गंज बांधावरून पाणी शिरावं तसा आत जातो. म्हणून समुद्राजवळ घर बांधणाऱ्यांना मी सांगते, ३०४ ऐवजी ३१६ क्रमांकाचं घ्या, त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. आणि वेल्डिंग असेल तर कमी कार्बनचं, ३१६ एल.

जस्ताची बादली मात्र आपली राखण वेगळ्या रीतीने करते. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी आधी आजूबाजूचं जस्त झिजतं. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला ट्रॉलरच्या तळाला, पंख्याजवळ, झिंकच्या वड्या लावतात त्या याचसाठी, आणि झिजल्या की बदलतात. १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी नेमकी हीच युक्ती सुचवली होती.

हवा लोखंडाला किती खाते यावरून आंतरराष्ट्रीय मानकात हवेचे सहा वर्ग पाडले आहेत. पाचव्या वर्गाच्या हवेत साधं पोलाद पहिल्या वर्षात ८० ते २०० मायक्रोमीटर झिजतं. हा आकडा मोजायचा मार्ग फार साधा आहे. वजन केलेल्या पट्ट्या समुद्राकडे तोंड करून तिरक्या टांगायच्या, वर्षाने काढायच्या, गंज रसायनाने धुवायचा आणि पुन्हा वजन करायचं. मी आमच्या गच्चीवर अशी एक लाकडी चौकट लावली आहे. एक ओळ उघड्या पावसात, एक वळचणीखाली. आई दर सकाळी दाराबाहेरच्या पर्जन्यमापकाचा आकडा वहीत लिहून ठेवते, मी न सांगता वाऱ्याची दिशाही लिहिते. वळचणीखालच्या ओळीतल्या पट्ट्यांवर आता बोट फिरवलं तर पापुद्रे हाताला येतात. त्यांच्यातली एक मी गेल्या दिवाळीत काढून नेली आणि तिच्यातून टिकलीएवढ्या चकत्या कापल्या. गंज मेरेवरून आत जातो की दाण्याच्या पोटातून, आणि क्लोराईड त्या दोघांच्या मधे नेमका कुठे थांबतो, हे मला बघायचं आहे. पहिल्या सहा चकत्यांत सगळीकडे मेरच दिसली. सातवीत तसं नाही. पुढची पट्टी कार्तिकात निघेल.